फ्लोरिडा 2000: फेरमोजणी पूर्ण झाली असती तर अमेरिकेचं पुढे काय बदललं असतं?

चौकसबुद्धी

2000 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीबद्दल दोन दावे सतत वाचायला मिळतात. एक, सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडा राज्यातली मोजणी अडवली नसती तर डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर जिंकले असते. दुसरा, नंतर वृत्तसंस्थांनी सगळ्या मतपत्रिका तपासल्या आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुशच जिंकले होते हे सिद्ध झालं. दोन्ही बाजू आकडे देतात आणि दोन्ही ठाम असतात.

देशभरात गोर यांना 5,43,895 मतं जास्त होती. पण अध्यक्ष ठरतो राज्यांनी निवडलेल्या इलेक्टरांच्या मतांवर, आणि फ्लोरिडाची अशी 25 इलेक्टोरल मतं बुश यांच्याकडे गेली, तीही सुमारे 60 लाख मतांपैकी 537 च्या फरकाने, आणि अंतिम हिशेब 271 विरुद्ध 266 असा लागला. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मतपत्रिकांचा घोळ प्रत्यक्षात कशामुळे झाला? कायद्याच्या चौकटीत राहून मोजणी पूर्ण करायला वाट होती का? आणि गोर अध्यक्ष झाले असते तर खरोखर काय बदललं असतं? "इराक युद्ध झालंच नसतं" एवढ्यावर थांबणारं उत्तर नको. कोणता निर्णय एकट्या अध्यक्षाच्या हातात होता आणि कशाला काँग्रेस (तिथली संसद) लागली असती, असं फोड करून कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

सांख्यिक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. दोन्ही दावे एकाच तपासणीतून आलेले आहेत, फक्त प्रत्येकाने आपल्या सोयीचा भाग उचलला आहे.

आधी यंत्र समजून घ्या. फ्लोरिडात 67 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. त्यातल्या 24 मध्ये पंचकार्ड होतं, 41 मध्ये ऑप्टिकल स्कॅन, एका काउंटीत जुनं लिव्हरचं यंत्र आणि एकीत हाताने मोजायच्या कागदी मतपत्रिका. म्हणजे एकाच राज्यात, एकाच पदासाठी चार पद्धती. तिथे निवडणूक काउंटी चालवते. यंत्र कोणतं घ्यायचं हे तेव्हा काउंटी ठरवायची आणि मतपत्रिका कशी मांडायची हे काउंटीचा निवडणूक पर्यवेक्षक.

पंचकार्डाचं 'व्होटोमॅटिक' यंत्र असं चालायचं. कार्डावर छोटे चौकोन आधीच अर्धवट कापून ठेवलेले असतात. कार्ड खाचेत सरकवायचं, वरच्या टोकाची दोन भोकं यंत्राच्या दोन खुंट्यांवर नीट बसवायची आणि टोकदार सळईने उमेदवारासमोरचा चौकोन दाबायचा. चौकोन सुटून खाली पडतो, तोच चॅड. कार्डाखाली रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून चॅड खाली जातो आणि परत वर येत नाही.

आता यात काय बिघडतं? कार्ड खुंट्यांवर बसलं नाही तर सळई चौकोनाच्या मध्यावर न पडता कडेला पडते. पट्ट्या जुन्या होऊन कडक झाल्या की सळई पुरती आत जात नाही. खालचा कप्पा वेळेवर रिकामा केला नाही तर चॅड साचतात आणि नवा चॅड ढकलला तरी खाली जायला जागा राहत नाही. अध्यक्षपद मतपत्रिकेवर सर्वांत आधी, म्हणजे पहिल्या रकान्यात. त्यामुळे सर्वाधिक वापर तिथलाच, झीज तिथलीच आणि साचणंही तिथलंच. डिसेंबरमधल्या खटल्यात या यंत्राच्या सुधारणेवर काम केलेले तज्ज्ञ बुश यांच्या बाजूने साक्षीला उभे होते. निकाल इतका अटीतटीचा असेल तर हाताने मोजणी करणं योग्य, हे त्यांनी उलटतपासणीत मान्य केलं.

अर्धवट सुटलेल्या चॅडचे प्रकार होते. एकाच कोपऱ्याला लटकलेला, दोन कोपऱ्यांवर झुलणारा, तीन कोपरे धरून बसलेला आणि नुसताच खळगा पडलेला. मोजणी यंत्र कार्डातून आरपार जाणारा प्रकाश वाचतं. लटकता चॅड एका फेरीत भोक झाकतो, दुसऱ्या फेरीत गळून पडतो. म्हणून यंत्राने पुन्हा मोजलं की आकडा बदलायचाच. पहिल्या रात्रीची 1,784 मतांची आघाडी, अर्धा टक्क्याच्या आतल्या फरकामुळे आपोआप झालेल्या यांत्रिक फेरमोजणीनंतर 327 पर्यंत उतरली, आणि तेव्हा हाताने मोजणी सुरूही झाली नव्हती.

यंत्राने कोरी ठरवलेली मतं सुमारे 61 हजार. पण एकाच पदासाठी दोन किंवा जास्त खुणा म्हणून बाद झालेली सुमारे 1 लाख 13 हजार. सगळी चर्चा चॅडवर झाली आणि हा मोठा ढीग बाजूला राहिला. तुमच्या कोड्याचं उत्तर या ढिगातच आहे.

शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या 'नॅशनल ओपिनियन रिसर्च सेंटर'ने वृत्तसंस्थांच्या एका गटासाठी या जवळपास 1 लाख 75 हजार मतपत्रिका तपासल्या. निष्कर्ष नोव्हेंबर 2001 मध्ये आले. गोर यांनी मागितली होती तशी फक्त चार काउंट्यांची मोजणी पूर्ण केली तर बुश पुढे. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितली होती तशी राज्यभरातल्या फक्त कोऱ्या मतांची मोजणी केली तरी बुशच पुढे, काहीशे मतांनी. मात्र दुहेरी खुणांच्या मतपत्रिकांसह राज्यभरातलं सगळं मोजलं, तर कोणताही निकष लावला तरी गोर पुढे, 60 ते 171 मतांनी.

थोडक्यात, गोर ज्या मोजणीसाठी भांडत होते तिने ते हरले असते आणि जी त्यांनी कोर्टात मागितलीच नाही तिने जिंकले असते.

दुहेरी खुणेच्या मतातून हेतू कळणार कसा, असं कोणी विचारेल. ऑप्टिकल मतपत्रिकेवर अनेकांनी गोर यांच्या नावासमोरचं वर्तुळ भरलं आणि खाली यादीबाहेरचं नाव लिहायच्या रेघेवर पुन्हा 'गोर' असं लिहिलं. यंत्राच्या लेखी दोन खुणा, म्हणून बाद. माणसाच्या डोळ्यांना हेतू लख्ख दिसतो. पंचकार्डावरच्या दोन भोकांचं तसं नाही. तिथे मत कायमचं गेलं. स्कॅनर मतदान केंद्रावरच असेल तर असा कागद लगेच परत बाहेर यायचा आणि मतदाराला नवी मतपत्रिका मिळायची. तिथे बाद मतं एका टक्क्याच्या आत राहिली. पण मतपत्रिका गोळा करून मुख्यालयात स्कॅन करणाऱ्या काउंट्यांत हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं.

रेवा

सांख्यिक यांनी पाम बीचचा उल्लेख टाळला आहे, बहुधा त्या मतांची भरपाई कोणत्याच फेरमोजणीत होत नाही म्हणून. पण मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

त्या वर्षी फ्लोरिडात अध्यक्षपदासाठी दहा जोड्या उभ्या होत्या. पाम बीच काउंटीत वयस्क मतदार बरेच. त्यांना वाचता यावं म्हणून पर्यवेक्षकांनी, आणि त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्याच होत्या, अक्षरं मोठी घेतली. मग दहा नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली आणि भोकांची एकच उभी रांग मध्ये ठेवली. हीच ती फुलपाखरू मतपत्रिका. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन, पण त्यांची ओळ बुश आणि गोर यांच्या ओळींच्या मधोमध येत होती. म्हणून वरून पहिलं भोक बुश, दुसरं ब्युकॅनन, तिसरं गोर. डावं पान वरून खाली वाचणाऱ्याला गोर दुसरे दिसतात आणि सळई दुसऱ्या भोकात जाते.

ब्युकॅनन यांना या एका काउंटीत सुमारे 3,400 मतं पडली. ही चूकच होती, हे कशावरून? त्याच काउंटीच्या टपाली मतपत्रिकेची मांडणी फुलपाखरासारखी नव्हती. केंद्रावर मिळालेलं ब्युकॅनन यांच्या मतांचं प्रमाण टपाली मतांच्या साधारण चौपट निघालं. लोक तेच, काउंटी तीच, फक्त कागद वेगळा. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा की गोर यांची दोन हजारांहून जास्त मतं अशी ब्युकॅनन यांच्याकडे गेली. खुद्द ब्युकॅनन यांनीही यातली बरीच मतं आपली नसावीत असं दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं. शिवाय 19 हजारांहून जास्त कार्डांवर दोन किंवा अधिक भोकं. त्यातली पाच हजारांहून अधिक गोर आणि ब्युकॅनन या जोडीची, तर बुश आणि ब्युकॅनन या जोडीची साधारण 1,600.

ड्यूव्हल काउंटीत वेगळंच. तिथे अध्यक्षपदाचे उमेदवार एकापाठोपाठच्या दोन पानांवर छापले आणि आधी वाटलेल्या नमुना मतपत्रिकेवर 'प्रत्येक पानावर मत द्या' अशी सूचना होती. ती पाळणाऱ्याचं मत बाद! जवळपास 22 हजार मतं दुहेरी खुणांमुळे गेली आणि त्यांतली बरीच जॅक्सनव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली होती. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या 2001 च्या अहवालात राज्यभराचा अंदाज आहे. कृष्णवर्णीय मतदारांची मतं बाद होण्याचं प्रमाण 14.4 टक्के, इतरांचं 1.6 टक्के.

यावर कायद्यात इलाज नव्हता. एका काउंटीपुरतं पुन्हा मतदान घ्या, ही मागणी न्यायालयांनी फेटाळली. 537 चा फरक दोन हजार चुकलेल्या मतांपुढे केवढासा आहे ते पाहा. ज्यांनी मतदान केलं त्यांचा कौल काय होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोजणीतून तो पुरता बाहेर काढता आला नसता, एवढंच.

कलम_बारा

कायद्याच्या वाटेबद्दल. वाट होती, पण ती फार लवकर अरुंद झाली, आणि यात गोर यांच्या वकिलांचा वाटा लहान नाही.

फ्लोरिडाच्या तेव्हाच्या कायद्यात राज्यभरासाठी हाताने फेरमोजणी मागायची सोयच नव्हती. मागणी काउंटीगणिक करायची, तीही 72 तासांत. काउंटीचं मंडळ तिघांचं: एक काउंटी न्यायाधीश, निवडणूक पर्यवेक्षक आणि काउंटी आयोगाचा अध्यक्ष. त्यांनी आधी किमान तीन केंद्रांची आणि एकूण एक टक्का मतांची नमुना मोजणी करायची. निकाल फिरू शकेल अशी चूक दिसली तर मग पूर्ण काउंटी. गोर यांनी पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होल्युशिया या चारच काउंट्या निवडल्या, जिथे त्यांचा जोर होता. 15 नोव्हेंबरला त्यांनी सर्व 67 काउंट्या मोजायचा प्रस्ताव जाहीरपणे मांडला, बुश यांनी त्याच रात्री तो नाकारला. पण तोवर 72 तास उलटले होते.

राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरिन हॅरिस, ज्या बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या, काउंट्यांनी निकाल पाठवायच्या 14 नोव्हेंबरच्या मुदतीवर अडून बसल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत 26 पर्यंत वाढवली. मायामी-डेडने 22 तारखेला, इमारतीत निदर्शकांचा गोंधळ चालू असतानाच, मोजणी सोडून दिली आणि सुमारे 10,750 कोरी ठरलेली मतं न पाहता राहिली. पाम बीचचं काम 26 तारखेच्या संध्याकाळी मुदतीनंतर साधारण दोन तासांनी संपलं. ते हॅरिस यांनी धरलं नाही. 537 हा आकडा असा तयार झाला. 8 डिसेंबरला राज्याच्या न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी पाम बीच आणि मायामी-डेडचं झालेलं काम हिशेबात घ्यायला सांगितलं, तेव्हा फरक 193 किंवा 154 वर आला, आणि राज्यभरातली कोरी मतं मोजायचा आदेश निघाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी वॉशिंग्टनहून, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून, 5 विरुद्ध 4 ने स्थगिती.

त्याच न्यायालयाचा 12 डिसेंबरचा निकाल लोक एकच समजतात, त्यात दोन वेगळी उत्तरं आहेत. काउंटीगणिक वेगळा निकष लावून मोजणं घटनेतल्या समान संरक्षणाच्या हमीशी विसंगत आहे, यावर सात न्यायमूर्तींचा आक्षेप होता. पण आता वेळ संपली म्हणून मोजणीच बंद, हे पाचांचं म्हणणं. न्यायमूर्ती सूटर आणि ब्रेयर म्हणत होते की प्रकरण परत पाठवा, एकसमान निकष ठरवा आणि इलेक्टर भेटतात त्या 18 डिसेंबरपर्यंत मोजू द्या. 12 डिसेंबर ही तारीख केंद्रीय कायद्यात संरक्षणाची होती. त्या दिवसापर्यंत वाद मिटवला तर काँग्रेस तो निकाल मानेल, एवढाच तिचा अर्थ. नंतरचा निकाल रद्द होईल असं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं. 1960 मध्ये हवाई राज्यात फेरमोजणी इलेक्टरांच्या मतदानानंतर संपली, केनेडी 115 मतांनी पुढे निघाले, आणि 6 जानेवारीला काँग्रेसमध्ये ही मतं मोजताना पीठासीन असलेले उपाध्यक्ष आणि पराभूत उमेदवार निक्सन यांनी स्वतःच्या विरोधात जाणारी इलेक्टरांची यादी धरली. असहमतीच्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी नेमका हाच दाखला दिला आहे.

समजा स्थगिती आली नसती. टॅलाहासी या राज्याच्या राजधानीत न्यायाधीश टेरी लुईस यांच्या देखरेखीखाली मोजणी चालू होती आणि मंडळांनी दुहेरी खुणांची मतं वेगळी काढावीत का, हा विषय त्यांच्यासमोर आलेला होता. म्हणजे सांख्यिक म्हणतात ती 'सगळी मतं' वाली मोजणी प्रत्यक्षात उतरणं अगदीच अशक्य नव्हतं. गोर 100 मतांनी पुढे निघाले असं धरू. तरी ते अध्यक्ष होतात का? इथे पुढची भिंत लागते.

राज्याचं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात. 12 तारखेलाच प्रतिनिधीगृहाने 79 विरुद्ध 41 मतांनी बुश यांचे इलेक्टर थेट नेमायचा ठराव केला होता. म्हणजे वॉशिंग्टनला दोन याद्या गेल्या असत्या. इलेक्टोरल मतं मोजण्याच्या 1887 च्या केंद्रीय कायद्यानुसार काँग्रेसची दोन्ही सभागृहं एका यादीवर सहमत झाली तर ती धरायची. प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे. सिनेट 50-50, आणि 20 जानेवारीपर्यंत उपाध्यक्ष स्वतः गोर, म्हणजे निर्णायक मत त्यांचं. सभागृहांत फूट पडली की राज्याच्या गव्हर्नरने प्रमाणित केलेली यादी धरायची. गव्हर्नर जेब बुश, उमेदवाराचे भाऊ. न्यायालयाने त्यांना गोर यांची यादी प्रमाणित करायला लावलं असतं तर वेगळा पेच.

आणखी एक शक्यता कमी लोक बोलतात. फ्लोरिडाची कोणतीच यादी धरली नाही तर? बाराव्या घटनादुरुस्तीत बहुमत 'नेमलेल्या इलेक्टरांचं' हवं आहे. 538 तून 25 गेले तर 513, बहुमत 257. गोर यांच्याकडे 267 इलेक्टर होते, त्यातल्या वॉशिंग्टन डीसीच्या एकाने कोरं मत दिलं तरी 266. ते जिंकतात. पण फ्लोरिडाचे इलेक्टर 'नेमलेच नाहीत' असं धरायचं की 'नेमले पण मोजले नाहीत' यावर घटनापंडित आजही भांडतील. थोडक्यात जानेवारी 2001 अतिशय कठीण गेला असता.

चौकसबुद्धी

कलम_बारा, दोन याद्यांचा भाग पहिल्यांदाच इतका स्पष्ट समजला. मग गोर कसेबसे शपथ घेतात असं धरून तिसऱ्या प्रश्नाकडे जाऊ. शिवाय एक उपप्रश्न: फ्लोरिडा सोडून दुसरी वाट नव्हती का?

दक्षिणायन

उपप्रश्न आधी. न्यू हॅम्पशायरमध्ये बुश 7,211 मतांनी पुढे होते आणि तिथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना 22 हजारांवर मतं होती. त्या राज्याची चार इलेक्टोरल मतं मिळाली असती तर गोर 271 वर गेले असते आणि चॅड हा शब्द कोणाला माहीतही झाला नसता. गोर यांचं स्वतःचं टेनेसी, 11 मतांचं, तेही गेलं. त्याबद्दल कमी बोललं जातं.

आता मुख्य भाग. गोर शपथ घेतात तेव्हाची काँग्रेस कशी असती? गोर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो लीबरमन त्याच दिवशी कनेक्टिकटमधून सिनेटवरही पुन्हा निवडून आले होते. उपाध्यक्ष व्हायचं तर ती जागा सोडावी लागली असती आणि रिकामी जागा भरायचा अधिकार गव्हर्नर जॉन रोलंड यांचा, जे रिपब्लिकन. म्हणजे सिनेट 51-49 रिपब्लिकनांकडे. प्रतिनिधीगृह आधीच त्यांचं. मे 2001 मध्ये रिपब्लिकन सिनेटर जेफर्ड्स पक्ष सोडून गेले आणि सिनेट डेमोक्रॅटांकडे आली, ते बुश यांच्या अर्थसंकल्पावरच्या नाराजीतून. गोर असते तर ते घडायचं कारण उरत नाही. त्यामुळे गोर यांचा पहिला कार्यकाळ विरोधी काँग्रेससमोरचा. कायदे लागणाऱ्या गोष्टी अडल्या असत्या. अध्यक्षाला एकट्याने करता येतात किंवा रोखता येतात त्याच बदलल्या असत्या.

करकपात याचं चांगलं उदाहरण आहे. 2000 या आर्थिक वर्षात 236 अब्ज डॉलरची शिल्लक होती. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जानेवारी 2001 मध्ये पुढच्या दहा वर्षांत 5.6 लाख कोटी डॉलर शिल्लक राहील असा अंदाज दिला होता. बुश यांनी 1.6 लाख कोटींची कपात मागितली, 1.35 ची मंजूर झाली. गोर यांचा प्रस्ताव सुमारे 500 अब्जांचा होता. काँग्रेसने मोठी कपात पाठवली असती तरी नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश हवे होते, आणि तेवढे नव्हते. म्हणून 2001 ची करकपात त्या आकारात झाली नसती, हे मी खात्रीच्या खात्यात टाकतो. पण शिल्लक टिकली असती असं मात्र नाही. मार्च 2001 पासून मंदी होतीच, शेअर बाजार उतरला होता, महसूल घटणारच होता. तूट लहान राहिली असती.

हवामानाबाबत लोक क्योटो कराराचं नाव घेतात. तिथे गोर यांच्या हातात काहीच नव्हतं. जुलै 1997 मध्ये सिनेटने 95-0 ने ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार मान्य नाही. करार मंजूर करायला सिनेटमध्ये लागणारी 67 मतं आणायची कुठून? मात्र स्वच्छ हवा कायद्याखाली कार्बन डायऑक्साइडचं नियमन करता येतं, असं मत केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कायदा विभागाने 1998 मध्येच दिलं होतं. बुश सरकारने ते 2003 मध्ये फिरवलं. मग 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 ने उलट निकाल दिला आणि कार्बन डायऑक्साइड आरोग्याला धोकादायक असल्याचा औपचारिक निष्कर्ष डिसेंबर 2009 मध्ये आला. गोर यांना हे काम काँग्रेसला न विचारता 2001 पासून सुरू करता आलं असतं. खटले झाले असते, नियम सौम्य झाले असते, तरी सुरुवात आठएक वर्षं आधी. मला व्यक्तिशः हीच सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते, इराकपेक्षाही.

क्षेपणास्त्रविरोधी कराराचंही तसंच. 1972 च्या त्या करारातून बुश यांनी डिसेंबर 2001 मध्ये माघार जाहीर केली, एकट्याच्या अधिकारात. गोर यांनी ती तशी केली नसती.

न्यायालयाबाबत सावध राहायला हवं. 1994 ते 2005 एकही जागा रिकामी झाली नाही. रेंक्विस्ट आणि ओ'कॉनर यांच्या जागा 2005 मध्ये, म्हणजे दुसऱ्या कार्यकाळात. तिथे रॉबर्ट्स आणि अलिटो आले आणि 2010 चा निवडणूक खर्चाचा निकाल, 2013 चा मतदान हक्क कायद्यावरचा निकाल, दोन्ही 5 विरुद्ध 4 ने लागले. गोर 2004 मध्ये पुन्हा निवडून आले असते का? डेमोक्रॅटिक पक्षाचा तो सलग चौथा विजय ठरला असता, आणि तसं फार क्वचित होतं. म्हणून 'गोर आले असते तर न्यायालय वेगळं असतं' ही साखळी 2004 वर तुटते.

रेवा

इराकबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत, दक्षिणायन. मी ते खात्रीच्या खात्यात टाकेन. 23 सप्टेंबर 2002 ला सॅन फ्रान्सिस्कोत गोर यांनी इराकवर चढाईच्या विरोधात जाहीर भाषण केलं, अल-कायदाकडचं लक्ष उडेल हा त्यांचा मुद्दा होता. त्या वेळी त्यांच्या पक्षातले बरेच नेते गप्प होते. ऑक्टोबरमध्ये सिनेटने 77-23 ने अधिकार दिला, पण तो अध्यक्षाने मागितला म्हणून. मागणाराच नसेल तर? बुश यांचे उपाध्यक्ष चेनी, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड आणि संरक्षण उपमंत्री वुल्फोविट्झ हे तिघेही त्या खुर्च्यांवर नसते.

दक्षिणायन

रेवा, जवळपास सहमत, तरी तीन गोष्टी तराजूत टाका. 1991 मध्ये आखाती युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या दहा डेमोक्रॅट सिनेटरांत गोर होते. सद्दाम यांची राजवट बदलणं हे अमेरिकेचं धोरण असल्याचं 1998 च्या कायद्यात लिहिलं गेलं, क्लिंटन यांच्या सहीने. आणि उपाध्यक्ष लीबरमन असते, जे पुढे या युद्धाचे सर्वांत ठाम डेमोक्रॅट समर्थक ठरले. हवाई हल्ले, उड्डाणबंदी, निर्बंध हे सगळं चालू राहिलं असतं. जमिनीवर दीड लाख सैनिक उतरवणं मात्र, नाही, ते मलाही संभवत नाही. अफगाणिस्तानवर कारवाई कोणीही असता तरी झालीच असती. 11 सप्टेंबर टळला असता का, यावर मी बोलणार नाही. त्या कटाचे धागे दोन्ही पक्षांच्या सरकारांच्या काळात सुटले होते.

कलम_बारा

एक भर, कारण अशा वादातून देशाचं भविष्य खरोखर फिरल्याचं उदाहरण त्याच देशात आहे. 1876 च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना यांच्या दोन-दोन याद्या आल्या. डेमोक्रॅट टिल्डन 184 वर, बहुमताला एक कमी. पंधरा जणांच्या आयोगाने प्रत्येक वादग्रस्त मत 8 विरुद्ध 7 ने रिपब्लिकन हेज यांना दिलं आणि निकाल 185-184. एप्रिल 1877 मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या राजधान्यांतून केंद्रीय फौजेचा पहारा उठला आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास नव्वद वर्षं कागदावर राहिला. टिल्डन आले असते तरी फौजा निघाल्याच असत्या, बहुधा आणखी लवकर. म्हणजे 'दुसरा उमेदवार आला असता तर' हा प्रश्न तिथे फसतो. नुकसान केलं ते निकाल मिटवताना झालेल्या सौद्याने. 1887 चा तो किचकट कायदा याच अनुभवातून आला आणि तो शेवटी डिसेंबर 2022 मध्ये बदलला गेला. आता गव्हर्नरची प्रमाणित यादी, किंवा न्यायालयाने दुरुस्त केलेली, हीच अंतिम, आणि आक्षेपाला प्रत्येक सभागृहाच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. 6 जानेवारी 2001 ला प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांनी एकामागून एक आक्षेप मांडले, पण सोबत एकाही सिनेटरची सही नव्हती, आणि पीठावरून गोर यांनी ते एकेक करून फेटाळले.

सांख्यिक

यंत्रांचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो, कारण 'धडा घेतला' असं सरसकट म्हटलं जातं. फ्लोरिडाने 2001 मध्ये पंचकार्ड बंद केलं. 2002 च्या केंद्रीय कायद्याने नव्या यंत्रांसाठी पैसा दिला आणि यादीत नाव न सापडलेल्या मतदाराला तात्पुरती मतपत्रिका देणं बंधनकारक केलं. अनेक काउंट्यांनी घाईने टचस्क्रीन घेतले, कागदाशिवाय. 2006 मध्ये सॅरासोटा काउंटीत काँग्रेसच्या एका जागेसाठी सुमारे 18 हजार मतदारांची त्या पदापुरती नोंदच झाली नाही आणि त्या जागेचा फरक होता 369. पडद्यावर ती लढत दुसऱ्या एका पदाच्या ठळक शीर्षकाच्या वर, पानाच्या टोकाला दडलेली होती. पुन्हा मांडणीचाच दोष, आणि या वेळी हाताने मोजायला कागदच नाही. राज्य 2008 पर्यंत ऑप्टिकल स्कॅनच्या कागदी मतपत्रिकेवर परतलं. स्कॅनर केंद्रावरच, चूक असेल तर कागद तिथल्या तिथे मतदाराच्या हातात परत.